व्हिस्की सोडा, आधी हिंगाची डबी बघा!

परवा घरच्याच बैठकीत माझ्या हातातला ग्लास बघून धाकटे दीर ओरडले, “वहिनी, व्हिस्की? अहो, बार्लीची असते ती! तुम्हाला ग्लूटेन चालत नाही ना?” आणि काळजीपोटी त्यांनी माझ्यापुढे काय सरकवलं, तर बिअर. ती ‘लाइट’ म्हणून. सोबत मसाला शेंगदाणे आणि शेवेची वाटी.

सहा वर्षांपूर्वी मला सीलिॲक निघाला, म्हणजे ग्लूटेन पोटात गेलं की लहान आतड्याला इजा होते तो आजार. त्याआधी दोन वर्षं ‘ॲसिडिटी आहे’ ऐकत गोळ्या गिळल्या, हिमोग्लोबिन काही वर येईना. मग रक्ताची टीटीजी तपासणी, एंडोस्कोपी, लहान आतड्याची बायोप्सी, आणि त्या दिवसापासून पोळी बंद, भाकरी सुरू. त्यामुळे या विषयात मी जरा जास्तच बोलते, माफ करा.

ग्लूटेन हे प्रथिन आहे. गहू, बार्ली आणि राय (मोहरी नव्हे, गव्हासारखं एक धान्य) यांत असतं. आंबवलेलं धान्य भट्टीवर चढवलं की 78 अंशांच्या आसपास अल्कोहोलची वाफ उठते, नळीतून जाताना गार होते आणि थेंब थेंब पडते. व्हिस्की या थेंबांची. प्रथिनाची वाफ होत नाही, ते खालच्या चोथ्यातच राहतं. पटत नसेल तर मंद आचेवर मिठाचं पाणी ठेवा आणि झाकणाला आतून जमलेले थेंब चाटून बघा. अळणी लागतील.

आपल्या भाषेनेही थोडा घोळ घातलाय. आपण दारूही गाळतो आणि चहाही गाळतो. चहाच्या गाळण्याने चोथा अडतो, विरघळलेलं काही अडत नाही. बिअरचं गाळणं या जातीचं. तिची वाफ धरून थेंब पाडत नाहीत, बार्लीची प्रथिनं त्यात उरतात, आणि तो डौलदार फेस टिकतो त्यात त्यांचाही हात असतो. म्हणजे दीरांनी मला बरोब्बर उलटी गोष्ट दिली होती!

हे माझं घरगुती तत्त्वज्ञान नाही. युरोपात अन्नावर ॲलर्जीकारक घटक छापायची सक्ती आहे, पण 1169/2011 या नियमावलीने ऊर्ध्वपातित, म्हणजे अशी वाफ धरून गाळलेल्या, दारूसाठी वापरलेल्या धान्याला त्यातून सूट दिलीय. अमेरिकेच्या एफडीएनेही (तिथलं अन्न आणि औषध प्रशासन) 2020 मध्ये मान्य केलं, की ऊर्ध्वपातन नीट झालं असेल तर त्यात प्रथिन, म्हणजेच ग्लूटेन, उरत नाही. आणि आपल्याकडच्या कितीतरी स्वस्त व्हिस्क्यांमध्ये तर मूळ स्पिरिट उसाच्या मळीचं असतं. बार्ली नावापुरती.

गडबड होते ती भट्टीनंतर. गाळून झाल्यावर बाटलीत स्वाद, माल्टचा अर्क, क्रीम असलं काही घातलं तर भट्टी काय करणार? म्हणून फ्लेवरवाल्या बाटल्या मी लेबल वाचल्याशिवाय घेत नाही. कुणाला एवढं सांगूनही धान्याची दारू नकोच वाटत असेल, तर रम उसाची, ब्रँडी द्राक्षांची, काजू फेणी बोंडांची. गोव्याला गेलात तर हा प्रश्नच मिटला. (आतडं अजून बरं झालं नसेल तर मात्र आधी डॉक्टर, मग बाटली.)

माझा खरा राग चखण्यावर आहे. ग्लासावर चौकशी समिती बसते आणि वाटीकडे कुणी बघत नाही. चिकन लॉलीपॉपमध्ये मैदा, मंचुरियनमध्ये सोया सॉस, आणि नेहमीच्या सोया सॉसमध्ये गहू. सगळ्यात छुपा रुस्तम म्हणजे हिंग. बाजारातला बांधानी हिंग शुद्ध नसतो, त्यात डिंक आणि बऱ्याचदा गव्हाचं पीठ असतं. वर्षभर पोळीला हात न लावता मी फोडणीतून गहू खात होते. डबी तीच, फडताळ तेच, वाचलं कुणी?

त्या दिवशी शेंगदाण्यांचं पाकीट उलटं करून दीरांच्या हातात दिलं. चष्मा कपाळावर चढवून, मोबाइलचा टॉर्च लावून त्यांनी ती मुंगीएवढी अक्षरं वाचली. हिंग, आणि पुढे कंसात गव्हाचं पीठ.

“मग व्हिस्कीबरोबर खायचं काय, वहिनी?”

फ्रिजमध्ये काकडी होती. तीच चिरली.