आयकॉन पुसल्याने आत शिरलेला बाहेर जात नाही

‘कॉम्प्युटरमधला हॅकर पाच मिनिटांत घालवा’ हा मेसेज बेळगाव-खानापूरकडच्या ग्रुपांवर फिरतोय. माझ्या मामीपर्यंत तो पोहोचला, म्हणून हे लिहितेय. वीजबिलाच्या नावाने आलेल्या फोनवर तिने घरच्या कॉम्प्युटरवर एनीडेस्क घेतलं होतं, म्हणजे दुसऱ्याला दुरून आपला कॉम्प्युटर चालवू देणारा प्रोग्राम. मेसेज वाचून डेस्कटॉपवरचा आयकॉन पुसला आणि मला म्हणाली, “काढून टाकलो की ते, आता काय न्हाई.” आमच्याकडे मोठ्या माणसांना कन्नड-इंग्रजी सूचना वाचता येत नाहीत. मराठीत काही आलं की ते खरंच मानतात. त्यांच्यापर्यंत हे असलं पोहोचावं याचा संताप येतो.

त्या मेसेजमधले मुद्दे एकेक करून बघू. शेवटचा आधी घेते, कारण पैसे बुडतात ते त्यानेच. ‘कॉम्प्युटर साफ होईपर्यंत बँकेला कळवू नका, खातं गोठवतील.’ अहो, त्या घडीला खातं गोठवलेलंच हवं असतं! रिझर्व्ह बँकेचं ६ जुलै २०१७ चं परिपत्रक काढून वाचा. पासवर्डसारखी माहिती ग्राहकानेच दिली असेल, तर बँकेला कळवेपर्यंत झालेलं सगळं नुकसान त्याचं. कळवल्यानंतर जे जाईल ते बँकेचं. म्हणजे तुम्ही कॉम्प्युटर पुसत बसाल तो प्रत्येक तास तुमच्या खिशातून जाणार. आणि चूक ना तुमची ना बँकेची, अशा वेळी तीन कामकाजाच्या दिवसांत कळवलं तर तुमच्यावर एक रुपयाही येत नाही. तेव्हा फोन आधी बँकेला, लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला. तक्रारीचा नंबर आणि वेळ लिहून ठेवा, आणि बेळगावच्या सीईएन (सायबर गुन्ह्यांच्या) पोलीस ठाण्यात जाताना तो कागद बरोबर घ्या.

आता आयकॉन. तो नुसता शॉर्टकट. एनीडेस्क स्वतः व्हायरस नाही, पण प्रोग्राम आत तसाच राहतो, आणि समोरच्याने त्यात कायमचा पासवर्ड लावून ठेवला असेल तर तुम्ही ‘हो’ न म्हणताही तो पुन्हा आत येतो. दारावरची पाटी काढली म्हणून भाडेकरू घर सोडत नाही. सेटिंग्जमध्ये ॲप्सची यादी तारखेनुसार लावा आणि त्या दिवशी आलेलं अनोळखी ते सगळं अनइन्स्टॉल करा. गुपचूप बसवलेलं मात्र यादीत दिसेलच असं नाही. त्यासाठी विंडोज सिक्युरिटीत डिफेंडरचं, म्हणजे विंडोजच्याच अँटिव्हायरसचं, ऑफलाइन स्कॅन आहे. ते फुकट आहे, आणि विंडोज सुरू व्हायच्या आधीच तपासणी करतं.

‘राउटर बंद-चालू करा, आयपी बदलतो, हॅकरला पत्ता सापडत नाही.’ साफ चूक. असे प्रोग्राम आतूनच बाहेर संपर्क साधतात, पत्ता कुणी शोधत बसत नाही. इंटरनेटची लाइन तोडणं मात्र बरोबर आहे, एवढं मान्य करावं लागेल. केबल काढा, वायफाय बंद करा, आणि काम संपेपर्यंत तसंच ठेवा.

‘त्याच कॉम्प्युटरवरून सगळे पासवर्ड बदला’ म्हणजे नवे पासवर्डही चोराच्या हातात, कारण टाइप केलेली अक्षरं त्याच्याकडे जात असू शकतात. दुसऱ्या फोनवरून बदला, ईमेलचा सगळ्यात आधी, आणि सगळ्या डिव्हाइसवरून लॉगआउट करा. सिस्टम रिस्टोर, म्हणजे विंडोज जुन्या तारखेच्या स्थितीत नेणं, यानेही भागत नाही. ते तुमच्या फाइलींना हात लावत नाही, त्यामुळे डाउनलोडमध्ये पडलेली घाण तिथेच राहते.

‘फॉरमॅट म्हणजे दुकानदारांची लूट’ यात थोडं तथ्य आहे, दरवेळी त्याची गरज नसते. पण अनोळखी माणूस आत बसून गेला, पैसेही हलले, तर मी फॉरमॅटच करायला सांगेन. फक्त फोटो आणि कागदपत्रं पेनड्राइव्हवर घ्या, प्रोग्राम नकोत. कॉम्प्युटर दुकानात द्यायचा तर क्रॅक केलेली, म्हणजे लायसन्स नसलेली चोरटी विंडोज टाकू देऊ नका, कारण त्या क्रॅकमधूनच पुष्कळदा असले प्रोग्राम येतात.