नीट नको, गणित नको, तीन वर्षांत 'प्राण्यांचे डॉक्टर': त्या फॉरवर्डमध्ये खरं किती?

नीटचा निकाल लागला की पालकांच्या ग्रुपवर एक मेसेज फिरायला लागतो. शब्द इकडचे तिकडे होतात, गाभा तोच: 'नीटमध्ये मार्क कमी पडले? काळजी सोडा. ब्रिटनमध्ये व्हेटरनरी नर्सिंगची डिग्री करा. नीट नको, गणित नको, अनुभव नको, प्राण्यांवर प्रेम पुरे. कुठलीही युनिव्हर्सिटी चालेल, अर्ज कधीही करा. तीन वर्षांत प्राण्यांचे डॉक्टर होऊन या आणि क्लिनिक टाका.' कोर्स मुळात चांगला आहे, म्हणूनच हा मेसेज जास्त खटकतो. एकेक वाक्य घेऊ.

'प्राण्यांचे डॉक्टर होऊन या आणि क्लिनिक टाका'

हे साफ खोटं आहे. ब्रिटनमध्ये पशुवैद्य आणि व्हेटरनरी नर्स हे दोन वेगळे पेशे आहेत. रॉयल कॉलेज ऑफ व्हेटरनरी सर्जन्स, म्हणजे आरसीव्हीएस, ही तिथली नियामक संस्था दोघांची वेगवेगळी रजिस्टरं ठेवतं. नर्सला काय करता येतं ते ब्रिटनच्या १९६६ च्या पशुवैद्यांविषयीच्या कायद्याच्या तिसऱ्या परिशिष्टात आहे: पशुवैद्याच्या सांगण्यावरून औषधोपचार, आणि शरीराची पोकळी उघडावी लागणार नाही इतपत किरकोळ शस्त्रक्रिया. रोगाचं निदान करणं आणि औषध लिहून देणं तिच्या हातात नाही. म्हणजे ती नुसती मदतनीस असते असंही नाही. भुलेखालच्या कुत्र्याची नाडी, श्वास, हिरड्यांचा रंग दर पाच मिनिटांनी तपासून तक्त्यावर लिहिणारी आणि काही बिघडतंय हे बहुधा सगळ्यांत आधी ओळखणारी तीच.

परत आल्यावरचं काय? आपल्याकडे १९८४ चा भारतीय पशुवैद्यक परिषद कायदा आहे. त्याच्या कलम ३० नुसार नोंदणीकृत पशुवैद्याशिवाय कुणालाही व्यवसाय करता येत नाही. पर्यवेक्षक किंवा स्टॉकमन पदविकाधारकांना किरकोळ सेवा देण्याची परवानगी राज्य सरकार देऊ शकतं, पण तीही नोंदणीकृत पशुवैद्याच्या देखरेखीखाली, आणि ती पदविका पशुसंवर्धन संचालनालयाची किंवा भारतातल्या संस्थेची असावी लागते. ब्रिटनची नर्सिंग डिग्री या चौकटीत कुठेच बसत नाही. एखाद्या पशुवैद्याच्या दवाखान्यात नोकरी मिळेल, आणि असं प्रशिक्षित माणूस त्यांना हवंही असतं, पण दारावर स्वतःच्या नावाची पाटी लावता येणार नाही. डॉक्टरच व्हायचं असेल तर इथली वाट साडेपाच वर्षांच्या बी. व्ही. एस्सी. अँड ए. एच. ची आहे, आणि ती नीटमधूनच जाते.

'नीट नको'

हे मात्र खरं. तरी 'नीट नको' म्हणजे 'काहीच नको' नव्हे. जीसीएसईचे, म्हणजे तिथल्या दहावीसारख्या शालेय परीक्षेचे, किमान पाच विषय, निदान ग्रेड चारने, आणि त्यात इंग्रजी, गणित व विज्ञान हवंच, ही किमान अट आहे. आपल्या विद्यार्थ्याचे यासाठी दहावीचे गुण पाहिले जातात. डिग्रीला बारावीचंही बघतात, आणि बहुतेक ठिकाणी जीवशास्त्र मागतात. बायोलॉजी सोडून पीसीएम घेतलेल्यांनी अर्जाची फी भरण्याआधी ही अट वाचावी. आयईएलटीएससारख्या इंग्रजीच्या परीक्षेची गरज आणि गुण विद्यापीठागणिक वेगळे असतात. एकूण बँड जमतो आणि एखाद्या भागात, बहुतेकदा लेखनात, अर्धा बँड कमी पडतो, असं वारंवार होतं. त्यामुळे नुसती बेरीज बघून थांबू नका.

'गणित नको'

एक साधं उदाहरण. दहा किलोचा कुत्रा, त्याला सलाईन लावायचंय. रोजची गरज किलोमागे ५० मिली धरली तर २४ तासांत ५०० मिली, म्हणजे तासाला सुमारे २१ मिली. सलाईनचा सेट २० थेंबांना एक मिली देणारा असेल तर तासाला ४१७ थेंब, मिनिटाला ७. घड्याळ समोर धरून साडेआठ सेकंदाला एक थेंब पडतोय ना, ते पाहायचं.

आता चूक कुठे होते ते बघा. लहान प्राण्यांसाठी ६० थेंबांना एक मिली देणारा सेटही असतो, त्यात हाच हिशेब मिनिटाला २१ थेंबांचा येतो. पाकिटावरचा आकडा न बघता २० च्या सेटवर २१ थेंब मोजले, तर कुत्र्याच्या शिरेत तिप्पट पाणी जातं. हृदय आधीच कमकुवत असलेल्या कुत्र्याच्या फुप्फुसात मग पाणी साचू शकतं. त्रैराशिक, टक्केवारी आणि मिलिग्रॅम-मिलिलिटरची ये-जा, इतकंच गणित लागतं, पण ते रात्री दोन वाजताही चुकून चालत नाही. सलाईन सोडणारा पंप असला तरी त्यात आकडा माणूसच भरतो.

'अनुभव नको, प्रेम पुरे'

प्रेमाबद्दल वाद नाही, पण अर्ज वाचणाऱ्याला ते प्रत्येक अर्जात दिसतं. बहुतेक विद्यापीठं कामाचा अनुभव मागतात, कुठे तासांत, कुठे आठवड्यांत. महाराष्ट्रात तो मिळवणं अवघड नाही: खासगी दवाखाना, भटक्या कुत्र्यांचं नसबंदी केंद्र, तालुक्याचा पशुवैद्यकीय दवाखाना, गोठा. ब्रिटनमधल्या प्रॅक्टिसमध्ये कुत्री, मांजरं आणि ससे यांचं प्रमाण मोठं असतं. त्यामुळे निदान काही दिवस लहान प्राण्यांमध्ये घालवा.

अनुभवासाठी दवाखान्यात जाण्याआधी रेबीजची पूर्वलस घ्या: ०, ७ आणि २१ किंवा २८ व्या दिवशी. महिनाभर आधी सुरुवात केली नाही तर सुट्टी लसीतच संपते. धनुर्वाताचं इंजेक्शन कधी घेतलं होतं तेही बघा.

रोज रात्री वहीत पाच ओळी लिहा: तारीख, तास, कोणता प्राणी, काय केलं, काय कळलं नाही. ही शेवटची ओळ सोन्याची. 'सशाला ऑपरेशनआधी उपाशी का ठेवलं नाही?' असं लिहून ठेवलं आणि दुसऱ्या दिवशी विचारलं, तर उत्तर मिळतं: ससा ओकू शकत नाही, आणि पोट रिकामं राहिलं तर त्याचं आतडं मंदावतं. मुलाखतीत असल्याच गोष्टी विचारतात. निघताना लेटरहेडवर तासांसकट पत्र घ्या. सहा महिन्यांनी मागायला गेलात तर तारखा कुणालाच आठवत नाहीत.

'कुठलीही युनिव्हर्सिटी चालेल'

सगळ्यांत महाग पडणारं वाक्य हे. ॲनिमल सायन्स, बायोव्हेटरनरी सायन्स अशा डिग्र्या नावाला जवळच्या वाटतात, पण त्या करून नर्सच्या रजिस्टरवर नाव येत नाही. काही नर्सिंगच्या डिग्र्या तर आधीच नोंदणी झालेल्या नर्सेससाठी असतात. आरसीव्हीएसच्या संकेतस्थळावर मान्यताप्राप्त अभ्यासक्रमांची यादी आहे. त्यात विद्यापीठाचं नाव पाहून थांबू नका, कोर्सचं पूर्ण नाव जुळवा. ब्रिटनमध्ये 'व्हेटरनरी नर्स' हा शब्द आजवर कायद्याने राखीव नाही, त्यामुळे सगळी किंमत रजिस्टरवरच्या नावाला आहे.

नोंदणीसाठी प्रत्यक्ष दवाखान्यात किमान १,८०० तास भरावे लागतात, सुट्ट्या आणि आजारपण सोडून. डिग्रीच्या विद्यार्थ्याला त्याचा पगार बहुधा मिळत नाही, आणि दवाखाना कॉलेजपासून लांब, बस न जाणाऱ्या गावात असू शकतो. 'शिकता शिकता कमवा' म्हणणाऱ्या एजंटला विचारा: त्या महिन्यांत खोलीभाडं आणि प्रवास कोण देणार?

'अर्ज कधीही करा'

अर्ज यूकास या ब्रिटनच्या सामाईक प्रवेशयंत्रणेमार्फत जातात, जास्तीत जास्त पाच पसंती. १५ ऑक्टोबरची मुदत पशुवैद्यकाच्या कोर्सेसना असते, नर्सिंगला जानेवारीची. २०२६ च्या प्रवेशासाठी ती १४ जानेवारी, तिथले संध्याकाळचे सहा, आपल्याकडे रात्रीचे साडेअकरा अशी होती. नंतरचा अर्जही घेतात, पण जागा उरल्या तर.

स्वतःबद्दलचं निवेदन आता तीन प्रश्नांत विभागलंय: हाच कोर्स का, शिक्षणाने तयारी कशी झाली, शिक्षणाबाहेर काय केलं. तिन्ही मिळून ४,००० अक्षरं, मोकळ्या जागा धरून, आणि प्रत्येक उत्तर किमान ३५० अक्षरांचं. तिसऱ्या प्रश्नाला ती पाच ओळींची वही उघडायची. 'मला लहानपणापासून प्राणी आवडतात' या वाक्यापेक्षा त्या सशाची नोंद लिहिलेली बरी.