१४० डेसिबलवाला बँड, ४३२ हर्ट्झवाली गिटार अन् भाच्याचे कान

हा मेसेज आठवडाभरापासून आमच्या तालुक्यातल्या सगळ्या ग्रुपांवर फिरून राहिला. आधी क्रिकेटच्या ग्रुपवर आला, मग सोयाबीनच्या भावाच्या ग्रुपवर, दोन्हीकडे मी सोडून दिला. पण परवा भाच्यानं तोच मले पाठवला, बारावीचा पोट्टा, अन् खाली लिहिलं, "मामा, तुम्ही साऊंडवाले आहे, तुम्हीच आईले सांगा ना की यानं कान खराब होत नाही म्हणून." म्हणजे माझ्याच धंद्याची साक्ष काढून हा ताईकडून परवानगी घेणार! आता बोलणं भाग आहे.

मेसेज असा, बाण-कवट्या-आगीची चित्रं काढून:

"नागपुरात येत आहे जगातला सर्वात भयंकर हेवी मेटल बँड! गिनीज बुकात नोंद, १४० डेसिबल! शुद्ध अ‍ॅनालॉग आवाज असल्याने कानाला शून्य इजा, उलट कानाच्या बंद नसा उघडतात, खरे फॅन कानात बोळे घालत नाहीत! गिटार ४३२ हर्ट्झ या ब्रह्मांडाच्या फ्रिक्वेन्सीवर, शेतात वाजवल्यास रानडुक्कर फिरकत नाही व कपाशीवरची बोंडअळी मरते, शास्त्रज्ञांनी सिद्ध केले! लोकसंगीत आणि मेटल जगात पहिल्यांदाच एकत्र! खेड्यापाड्यात मेटल नेणारा पहिला बँड! सदस्यांनी स्वतःच्या रक्ताने सही केलेला करार! ११ ग्रुपला पाठवा, फ्री पास मिळवा!"

बँडचं नाव मी मुद्दाम घेत नाही. त्यांचे दोन व्हिडिओ पाहिले, पोट्टे चांगले वाजवतात, ड्रमवाल्याचे पाय तर लयच पक्के आहेत. मूळ पोस्टरवर फक्त सर्वात मोठा, सर्वात जड, सर्वात खतरनाक एवढंच होतं, जे प्रत्येकच मेटल (जोरदार गिटार-ड्रमचं रॉक संगीत) बँडच्या पोस्टरवर असते. बाकीचं ग्रुपाग्रुपातून येताना कोणीतरी चिकटवत गेलं. पण सुरुवात त्या पोस्टरवाल्यानंच केली, हेही खरं.

"गिनीज बुकात नोंद, १४० डेसिबल"

गिनीजवाले एकेकाळी खरंच अशी नोंद ठेवत होते. १९७२ मधल्या लंडनच्या रेनबो थिएटरातल्या शोवरून डीप पर्पल या रॉक बँडचं नाव आलं, ११७ डेसिबल. मग १९७६ मध्ये द हू हा बँड, चार्लटनच्या फुटबॉल मैदानावर, १२६. नंतर १९८४ मध्ये मॅनोवार. त्यानंतर मात्र गिनीजनं हा प्रकारच बंद करून टाकला, कारण नोंद मोडायच्या नादात लोकांचे कान जातील. ज्या बुकानं हात जोडले त्याच बुकाचं नाव घेऊन हे आवाज विकून राहिले.

अन् १४० कुठून मोजले ते सांगा ना. द हूचे १२६ हे स्पीकरपासून ३२ मीटरवरचे होते. अंतर न सांगता डेसिबल सांगणं म्हणजे क्विंटलचा का मणाचा ते न सांगता कापसाचा भाव सांगणं. मोकळ्या मैदानात अंतर दुप्पट झालं की साधारण ६ डेसिबल उतरतात, म्हणजे बॉक्सच्या एक मीटरवर १४० असले तरी ३२ मीटरवर ११० च्या आसपास राहतील. आणि खरंच द हूपेक्षा १४ डेसिबल जास्त पाहिजे असतील तर पॉवर पंचवीसपट लागते, पंचवीसपट! तेवढे अ‍ॅम्प, तेवढा जनरेटर कोण लावून देणार आहे नागपुरात, मलेही त्याचा नंबर पाठवा.

"कानाला शून्य इजा, उलट नसा उघडतात"

याच्यासाठीच हे सगळं लिहायला बसलो. बाकीच्या थापा हसून सोडता येतात, ही नाही.

कानाच्या पडद्याला अ‍ॅनालॉग अन् डिजिटल समजत नाही भाऊ. त्याला हवेचा दाब समजतो. गिटारचा अ‍ॅम्प कितीही जुना ट्यूबवाला असू द्या, एवढ्या मोठ्या शोचा आवाज आजकाल बहुतेक डिजिटल मिक्सरमधूनच जातो, तुमच्या "शुद्ध अ‍ॅनालॉग"चं तिथंच विसर्जन झालं. आता नसा उघडण्याचं पाहू. आतल्या कानात शंखासारखा एक भाग असतो, त्यात साधारण १५ हजार बारीक केसवाल्या पेशी असतात. आवाजाच्या माराने त्या मरतात, अन् माणसात त्या परत उगवत नाहीत. शोवरून आल्यावर रात्रभर कानात सूं होते, सकाळी लोकांचं बोलणं कापसाच्या गाठीआडून आल्यासारखं वाटते ना, ते कान उघडल्याचं नाही, मार बसल्याचं लक्षण आहे. पहिल्यांदा उतरते, म्हणून पोट्ट्यांना वाटते काही झालं नाही.

साधा हिशोब पहा. ८५ डेसिबलला आठ तास चालते. त्याच्यावर दर ३ डेसिबलला वेळ अर्धा होतो: ८८ ला चार तास, ९१ ला दोन, ९४ ला एक, असं करत करत १०० ला पंधरा मिनिटं उरतात. हे कामगारांच्या कानांसाठी अमेरिकेत काढलेलं गणित आहे, पण अमेरिकेचा कान अन् यवतमाळचा कान सारखाच. जागतिक आरोग्य संघटनेनं तर २०२२ मध्ये खास कार्यक्रमांच्या आवाजासाठी मानक काढलं. त्यात १५ मिनिटांची सरासरी १०० डेसिबलच्या वर जाऊ नये, प्रेक्षकांना इअरप्लग उपलब्ध असावेत अन् कानाला विश्रांती द्यायला शांत जागा असावी असं सांगितलं आहे. आरोग्य संघटना म्हणते प्लग ठेवा, अन् हा फॉरवर्डवाला म्हणते प्लग लावणारा खरा फॅन नाही. कोणाचं ऐकायचं, ताईनं ठरवावं.

बरं, खरे फॅन सोडा, खरे वाजवणारे काय म्हणतात? मेटालिकाच्या ड्रमर लार्स उलरिकला कानात कायम आवाज येण्याचा त्रास आहे, तो स्वतः जाहीरपणे सांगतो. द हूच्या गिटारवाल्या पीट टाउनशेंडचंही तेच. एसी/डीसी बँडचा गायक ब्रायन जॉन्सनला २०१६ मध्ये डॉक्टरनं सांगितलं की दौरा थांबव, नाहीतर पूर्ण बहिरा होशील, अन् त्याला अर्ध्यातून घरी जावं लागलं. यांच्यापेक्षा मोठा फॅन कोण आहे आमच्या तालुक्यात?

तिकडचंही जाऊ द्या. आमच्या धंद्यातले जुने ऑपरेटर पहा, वरातीत बेस बिनच्या (जाड आवाजाच्या मोठ्या स्पीकरच्या) मागे उभं राहून आयुष्य गेलं, आता शेजारी फोन वाजला तरी समजत नाही अन् घरी टीव्हीच्या आवाजावरून रोज भांडण. कायद्यात २००० सालापासून लिहून ठेवलं आहे, वस्तीत दिवसा ५५ डेसिबल, रात्री ४५. वरातीत कोण मोजते? मीही धंदा करतो, ऑर्डर देणारा म्हणते "अजून वाढवा", मग वाढवावंच लागते. म्हणूनच सांगतो, फोमचे साधे इअरप्लग मेडिकलवर मिळतात, महाग नाहीत. बोटानं बारीक वळायचे, दुसऱ्या हातानं डोक्यावरून कान वर ओढायचा, आत सरकवून फुगेपर्यंत दाबून धरायचे. कापसाचा बोळा घालू नका, त्यानं काही होत नाही, आपल्याकडं कापूस कितीही पिकत असला तरी.

"४३२ हर्ट्झ, रानडुक्कर अन् बोंडअळी"

बाप्पा! ४४० हर्ट्झ, म्हणजे सेकंदाला ४४० कंपनं, हा सूर जुळवायचा एक ठरवलेला आकडा आहे, मधल्या सप्तकातला एक स्वर तेवढ्यावर धरायचा अन् बाकी त्याच्यावरून. ४३२ धरला तर सगळंच अर्ध्या स्वराच्या साधारण एक तृतीयांशानं खाली येते, बस. गिटारची सर्वात जाड तार तर ८२ हर्ट्झच्या आसपास वाजते, अन् मेटलवाले ती अजून ढिली करतात. त्यांच्या जड रिफमध्ये (गिटारच्या परत परत वाजणाऱ्या तुकड्यात) ४३२ शोधायला दुर्बीण लागेल. ब्रह्मांडाची एकच पट्टी असती तर आमचं भजनी मंडळ कवाचंच नरकात गेलं असतं, बुवा बदलला की पेटीची पट्टी बदलते, आज काळी दोन तर उद्या पांढरी चार.

आता बोंडअळी. हे लिहिणारा पराटीच्या वावरात कधी गेला का? गुलाबी बोंडअळी अंड्यातून निघाली की लवकरच बोंडात शिरते अन् आत बसून सरकी खाते. तिथं फवारासुद्धा पोचत नाही, म्हणून तर २०१७ मध्ये आपल्याकडं लोकांचं एवढं वाटोळं झालं. जिथं औषध पोचत नाही तिथं गिटार पोचणार? अन् पोचली तरी अळी काय डोकं हलवून मरणार? कामगंध सापळे लावा, वेळेवर निंबोळी अर्क मारा, फरदड (तीच कपाशी राखून पुन्हा पीक) घेऊ नका, हंगाम संपला की पऱ्हाट्या वावरात उभ्या ठेवू नका. कृषी सहायक दरवर्षी हेच सांगून थकला, पण त्याच्या मेसेजले कोणी ११ ग्रुपला पाठवत नाही. "शास्त्रज्ञांनी सिद्ध केले" म्हणता तर शास्त्रज्ञ कोणता, कुठल्या वावरात, किती ओळींवर, काही तर लिहा.

रानडुकराचं मात्र थोडं मान्य करावं लागते. आवाजानं डुक्कर पळते हे खोटं नाही, आपल्याकडं लोक वावरात भोंगा बांधून कुत्र्याच्या भुंकण्याची रेकॉर्डिंग लावतातच, रोही (नीलगाय) बी बिचकते. पण थोड्या दिवसांत डुकराला समजते की नुसता आवाज आहे, माणूस नाही, मग तो भोंग्याखालीच तूर खाते. त्यात मेटलचं वेगळं काही नाही, ऑर्केस्ट्रा लावला तरी तेवढेच दिवस पळेल.

"जगात पहिल्यांदाच" अन् "खेड्यात पहिल्यांदाच"

इंग्लंडचा स्कायक्लॅड बँड १९९० चा, मेटलमध्ये सारंगीच्या भावकीतलं व्हायोलिन घालून लोकसंगीताच्या चाली वाजवत होता. ब्राझीलच्या सेपल्टुरानं १९९६ च्या अल्बमसाठी शावांते आदिवासींसोबत त्यांच्या वस्तीत जाऊन रेकॉर्डिंग केलं. आपल्याच दिल्लीचा ब्लडीवुड ढोल घेऊन २०१९ मध्ये जर्मनीत वाकेनला वाजवून आला. पहिल्यांदाच म्हणायला लाज वाटावी इतके लोक आधी होऊन गेले.

अन् वाकेन काय आहे माहीत आहे? गाव आहे, वस्ती दोनेक हजार, आजूबाजूला शेती अन् गाई. १९९० मध्ये तिथल्या पोट्ट्यांनी गिट्टीच्या खाणीत सहा बँड बोलावून कार्यक्रम केला, आठेकशे लोक आले. आज त्याच गावात दर उन्हाळ्यात ८५ हजार लोक चिखलात तंबू ठोकतात, मेटलचा जगातल्या सगळ्यात मोठ्या मेळ्यांमधला एक. इंडोनेशियाच्या गारुत भागातल्या गावातल्या तीन हिजाबवाल्या पोरींनी २०१४ मध्ये शाळेत असताना बँड काढला, व्हॉइस ऑफ बाचेप्रोत, त्या २०२४ मध्ये इंग्लंडच्या ग्लास्टनबरी संगीत मेळ्यात वाजवून आल्या. त्यामुळं खेड्यात मेटल नेण्याचं श्रेय कोणी नागपूरच्या पोस्टरवर घेऊ नये, खेड्यानंच ते कवाचं घेतलं. आमच्याच गावात मोबाईलवर कोण काय ऐकते हे पानठेल्यावर येऊन पहा.

"रक्ताने सही केलेला करार"

शिळं आहे. १९७७ मध्ये किस बँडवाल्यांनी त्यांच्या मार्व्हल कॉमिकच्या लाल शाईत खरोखर स्वतःचं रक्त टाकलं होतं, वरून नोटरीचा कागदही केला. जाहिरातच होती ती, अन् जाहिरात म्हणून भारी होती. मेटल गायक ऑझी ऑस्बॉर्ननं १९८२ मध्ये अमेरिकेतल्या डेस मॉइन्सच्या स्टेजवर वटवाघळाचं मुंडकं चावलं, त्याच्या सांगण्यानुसार रबराचं समजून, मग रेबीजची इंजेक्शनं घ्यावी लागली. ते झालं म्हणून गाजलं. इथं सही कुठल्या कागदावर, करार कशाचा, तेही लिहिलं नाही.

खरं सांगायचं तर या संगीताची मूळ गोष्टच अशी आहे की कोणत्या पोस्टरवाल्याला सुचली नसती. बर्मिंगहॅमचा टोनी आयोमी, १७ वर्षांचा, पत्र्याच्या कारखान्यात कामाचा शेवटचा दिवस, अन् मशीनमध्ये उजव्या हाताच्या दोन बोटांची टोकं गेली. डावखुरा गिटारवाला, म्हणजे तारा दाबायची तीच बोटं. थ्रेशर अन् कडबा कुट्टीत बोटं गेलेली माणसं आपल्याकडं गावोगाव आहेत, त्यांना विचारा त्या दिवशी काय वाटते. यानं प्लास्टिकची बाटली वितळवून बोटांना टोप्या केल्या, वर चामडं लावलं, पातळ तारा चढवल्या, अन् पुढं दुखू नये म्हणून तारा ढिल्या करून खालच्या सुरात वाजवायला लागला. १३ फेब्रुवारी १९७० ला त्याच्या ब्लॅक सॅबथ बँडचा पहिला अल्बम आला. आजचा प्रत्येक जड आवाजाचा बँड, हा नागपूरवालासुद्धा, त्या ढिल्या तारांचंच खाते. पोस्टरवर एवढं लिहिलं असतं तर मीच सगळ्या ग्रुपांवर टाकलं असतं.

११ ग्रुप अन् फ्री पासचं तर काय बोलावं. तुम्ही मेसेज किती ग्रुपला पाठवला हे त्या बँडला दिसतच नाही. मेसेजमध्ये लिंक नाही, नंबर नाही, नाव लिहायची जागा नाही. पास देणार कोणाले, अन् कोणत्या पत्त्यावर?