फोनची बॅटरी जाते, म्हणून गाडीचीही जाणार?

घरातला जुना फोन, जुना लॅपटॉप बदलायचा विषय निघाला की पाठोपाठ गाडीचाही निघतो. मग कुणीतरी फॅमिली ग्रुपवर ती पोस्ट टाकतं. मजकूर थोडाफार बदलतो, पण गाभा तोच: चार वर्षांचा फोन दुपारपर्यंत टिकत नाही, तसलीच बॅटरी इलेक्ट्रिक गाडीत असते; चार वर्षांत ती जाणार आणि नवीन टाकायला गाडीच्या निम्मे पैसे लागणार; वीज कोळशाचीच, म्हणजे प्रदूषण तेवढंच; पावसात करंट, उन्हाळ्यात आग. सबब जुनी पेट्रोल गाडीच सांभाळा.

शेवटचा सल्ला काही घरांना खरंच लागू पडतो. त्यासाठी दिलेली कारणं मात्र बहुतेक चुकीची आहेत.

आधी बॅटरी. वर्षानुवर्षं बऱ्याच फोनच्या बॅटऱ्या ५०० पूर्ण चार्जनंतर ८० टक्के क्षमता उरेल अशा हिशेबाने बनत आल्या. रोज एक चार्ज धरला तर दीड वर्षात तिथे पोचलात. शिवाय फोन रात्रभर १०० टक्क्यांवर उशीशेजारी तापत पडतो, त्याला थंड करायची काही सोय नसते. आता २०२० साली आलेली टाटाची इलेक्ट्रिक गाडी नेक्सॉन ईव्ही घ्या. बॅटरी ३०.२ युनिट विजेची, कंपनीचा आकडा ३१२ किलोमीटरचा असला तरी रस्त्यावर एका चार्जमध्ये साधारण २०० किलोमीटर. बॅटरीची वॉरंटी ८ वर्षं किंवा १,६०,००० किलोमीटर. भागाकार करा: वॉरंटी संपेपर्यंत ८०० पूर्ण चार्ज. आत लिथियम आयर्न फॉस्फेटचे सेल आहेत, जे दोन हजारांच्या वर चार्ज सहज काढतात. भोवती थंड ठेवणारा द्रव, म्हणजे कूलंट फिरतं, आणि एखादा सेल जास्त तापला किंवा मागे पडला तर इलेक्ट्रॉनिक्स ते सांभाळून घेतं. फोनशी नातं आहे ते फक्त ‘लिथियम’ या शब्दापुरतं.

उन्हाची भीती मात्र निराधार नाही. २०१० साली आलेल्या निसान लीफ या इलेक्ट्रिक गाडीच्या बॅटरीला द्रवाने थंड करायची सोय नव्हती. अमेरिकेतल्या फिनिक्सच्या उन्हात तिची क्षमता इतकी भराभर घटली की २०१२ मध्ये मालकांच्या तक्रारींचा गदारोळ झाला आणि पुढे कंपनीला क्षमतेचीही वॉरंटी द्यावी लागली. नागपूर-चंद्रपूरकरांनी शोरूममध्ये विचारायचा पहिला प्रश्न हाच: बॅटरी हवेने थंड होते की द्रवाने?

इलेक्ट्रिक गाडीत तीन-चार वर्षांत जाणारी एक बॅटरी खरोखरच असते! ती म्हणजे १२ व्होल्टची छोटी, जी पेट्रोल गाडीतही असते. ती बसली की मोठी बॅटरी भरलेली असूनही गाडी सुरू होत नाही. ‘आमच्या ओळखीत एकाची बॅटरी गेली’ हे ऐकलंत, तर कुठली ते विचारून बघा.

किमतीचं म्हणाल तर २०१० साली जगात बॅटरी पॅकचा सरासरी भाव दर युनिटला हजार डॉलरच्या वर होता. २०२४ मध्ये तो ११५ डॉलरच्या आसपास आला. सर्व्हिस सेंटरचं बिल यापेक्षा बरंच जास्त येईल, पण उतरता कल पोस्टमध्ये कुठे दिसत नाही.

कोळशाचा मुद्दा सगळ्यात वजनदार, आणि ईव्हीची तरफदारी करणारे तो झटकून टाकतात ते मला पटत नाही. आपल्या विजेतला तीन-चतुर्थांशाच्या आसपास वाटा कोळशाचा आहे. भारतात एका युनिटमागे सरासरी सुमारे ०.७२ किलो कार्बन डायऑक्साइड निघतो. गाडी १०० किलोमीटर चालवायला प्लगपाशी १७ युनिट लागले, तर तारांमधली गळती धरून केंद्रात २० बनवावे लागतात. झाले साडेचौदा किलो. लिटरला १५ देणाऱ्या पेट्रोल गाडीचे तेवढ्याच अंतराला सव्वापंधरा किलो नळीतून निघतात. तेल काढणं, शुद्ध करणं, पंपापर्यंत आणणं धरलं तर अठराच्या आसपास. बचत आहे, पण १०० किलोमीटरला जेमतेम चार किलोंची.

३० युनिटची बॅटरी बनवतानाच ढोबळमानाने दोन-अडीच टन कार्बन डायऑक्साइड निघालेला असतो. तो फेडायला ६०,००० किलोमीटर लागतात. चालती गाडी काढून नवी घेतलीत, तर बाकीची गाडी बनवण्याचा भारही त्यात धरायला हवा. तेव्हा रविवारी मंडईला आणि वर्षातून एकदा गावाला, एवढाच वापर असेल तर जुनीच गाडी ठेवा; इथे पोस्टचा सल्ला बरोबर. पुण्यात रोज पिंपरी ते मगरपट्टा असा लांबचा फेरा करणाऱ्याचा हिशेब वेगळा. छतावर सोलर असेल तर तीच फेड तेरा-चौदा हजार किलोमीटरमध्ये होते. आणि पुण्यातला धूर कमी होतो हे खरं असलं, तरी तो थोडाफार कोराडी आणि चंद्रपूरच्या वीज केंद्रांच्या धुराड्यांकडे सरकतो. तिथेही माणसंच राहतात.

पाऊस आणि आग थोडक्यात. आयपी ६७ दर्जाची बॅटरी एक मीटर पाण्यात अर्धा तास टिकेल अशी तपासलेली असते. तरीही पावसात मुंबईच्या हिंदमाताला साचणाऱ्या तळ्यात कुणी गाडी घालू नये, पण तिथे पेट्रोलचं इंजिनही पाणी ओढून बंदच पडतं. मार्च २०२२ मध्ये पुण्याच्या लोहगावात पेटलेल्या ई-स्कूटरचा व्हिडिओ खरा आहे. त्या उन्हाळ्यानंतर बॅटरी चाचण्यांचे नियम डिसेंबर २०२२ आणि मार्च २०२३ अशा दोन टप्प्यांत कडक झाले, हे तो व्हिडिओ पाठवणारे सांगत नाहीत.

गंमत अशी की फोनची तुलना एका ठिकाणी चपखल बसते, आणि नेमकी तिथे ती पोस्ट गप्प आहे. जुना फोन पुष्कळदा बॅटरीने मरत नाही. अपडेट यायचे थांबतात, बँकेचं अ‍ॅप ‘हा फोन चालणार नाही’ म्हणतं, आणि चांगला धडधाकट फोन ड्रॉवरमध्ये जातो. गाडीतही हे सुरू झालंय. एप्रिल २०२४ मध्ये ब्रिटनमधल्या जुन्या लीफ गाड्यांचं अ‍ॅप बंद झालं, कारण त्या ज्या टूजी नेटवर्कवर बोलत होत्या ते मोडीत निघणार होतं. गाड्या धावतात, पण फोनवरून चार्जिंग किंवा एसी लावायची सोय गेली. आजची पेट्रोल गाडीही यातून सुटत नाही, तिच्यातही सिम आणि स्क्रीन आहेच.

म्हणून घ्यायची असेल तर एवढं लेखी मागा: अपडेट किती वर्षं, अ‍ॅपची फुकट मुदत किती, अ‍ॅप बंद पडलं तर कुलूप, एसी आणि चार्जिंगची वेळ गाडीतूनच लावता येते का, बॅटरीची क्षमता किती टक्क्यांखाली गेली की वॉरंटी लागू होते, आणि गाडी विकल्यावर ती दुसऱ्या मालकाला मिळते का. सोसायटीच्या पार्किंगमध्ये चार्जर बसणार की नाही हे मात्र बुकिंगच्या आधीच कमिटीकडून कागदावर घ्या. घरच्या कनेक्शनवर चार्ज करायला केंद्राच्या मार्गदर्शक सूचनांनी मोकळीक दिली आहे, तरी मीटरपासून तुमच्या जागेपर्यंतची केबल सोसायटीच्या भिंतीवरूनच जाते.