अशिलासमोर बसलेला विद्यार्थी

दिवाणी न्यायाधीश (कनिष्ठ स्तर) या पदासाठी किमान तीन वर्षांची वकिली पुन्हा आवश्यक ठरवणारा सर्वोच्च न्यायालयाचा २० मे २०२५ चा निकाल आला, तेव्हापासून महाराष्ट्रातील माझ्या विधी महाविद्यालयाच्या वर्गमित्रांशी बोलणे झाले की हा विषय निघतोच. कोर्टाची पायरी न चढलेल्या पदवीधराच्या हाती न्यायदान देऊ नये, असे काही जण म्हणतात. तर घरात वकिलीची परंपरा नसलेल्या, तालुक्याच्या गावातून आलेल्या मुलीने ही तीन वर्षे कशाच्या आधारावर काढायची, असे इतर विचारतात. ज्युनिअर वकिलांना शहरात दरमहा वीस हजार आणि ग्रामीण भागात पंधरा हजार रुपये द्यावेत, असे बार कौन्सिल ऑफ इंडिया या वकिलांच्या नियामक संस्थेने २०२४ मध्ये सुचवले, पण ती शिफारस आहे, बंधन नव्हे. दोन्ही बाजूंचे म्हणणे मला पटते. तरीही या वादात पदवीच्या आधीच्या तीन किंवा पाच वर्षांबद्दल कोणीच बोलत नाही, याचे मला वाईट वाटते.

मी इंग्लंडमध्ये सॉलिसिटर, म्हणजे अशिलांना सल्ला देणारा वकील, आहे आणि गेली सहा वर्षे दर बुधवारी संध्याकाळी एका विद्यापीठाच्या लॉ क्लिनिकमध्ये विनावेतन देखरेखीचे काम करतो. क्लिनिकमध्ये वकील न परवडणारी माणसे येतात. दोन विद्यार्थी त्यांची हकीकत ऐकून घेतात, त्या वेळी सल्ला देत नाहीत, टिपणे काढतात, कायदा शोधतात आणि लेखी सल्ल्याचा मसुदा करतात. तो सॉलिसिटरने तपासल्याशिवाय बाहेर जात नाही. ओळख पटेल असे तपशील वगळून एक प्रसंग सांगतो. घरमालकाने डिपॉझिट परत न केलेला एक भाडेकरू आला होता. दुसऱ्या वर्षाच्या विद्यार्थिनीने त्याचे बोलणे मनापासून ऐकले, भिंतींवरच्या बुरशीपासून मालकाच्या उद्धट निरोपांपर्यंत सारे लिहून घेतले, पण डिपॉझिट कोणत्या तारखेला दिले हे विचारायचे राहून गेले. येथील २००४ च्या गृहनिर्माण कायद्यानुसार घरमालकाने डिपॉझिट मिळाल्यापासून तीस दिवसांत ते मान्यताप्राप्त योजनेखाली सुरक्षित करावे लागते. ते न केल्यास न्यायालय डिपॉझिटच्या एकपट ते तिप्पट रक्कम भाडेकरूला देववू शकते. म्हणजे त्या तारखेवाचून सल्ला देताच येत नव्हता. तिने भाडेकरूला फोन केला, दिलगिरी व्यक्त केली, राहिलेला प्रश्न विचारला आणि सल्ल्याचे पत्र त्याला समजेपर्यंत तीन वेळा लिहिले. तो कायदा तिला परीक्षेपुरता तोंडपाठ होता. माणसाच्या लांबलचक बोलण्यातून कायद्याला हवी असलेली तारीख काढून घ्यायला मात्र ती त्या आठवड्यात शिकली. नोकरीच्या मुलाखतीत कामाचा अनुभव विचारला जातो, तेव्हा अशा विद्यार्थ्याकडे सांगण्यासारखे खरोखर काही असते.

इंग्लंड आणि वेल्समध्ये २०२१ पासून लागू झालेल्या पद्धतीत सॉलिसिटर होण्यासाठी दोन वर्षांचा पात्र कार्यानुभव लागतो. तो जास्तीत जास्त चार ठिकाणी मिळवता येतो आणि विद्यापीठाच्या क्लिनिकमधील विनावेतन कामही त्यात धरता येते. हे मी आदर्श म्हणून सांगत नाही. २०१३ मध्ये सरकारी कायदेशीर मदतीतून कौटुंबिक, कल्याणकारी भत्त्यांचे आणि नोकरीविषयक बरेचसे वाद वगळले गेले आणि ती उणीव भरून काढण्याचा भार काही प्रमाणात विद्यार्थ्यांवर पडला, हे मला खटकते. संध्याकाळी दुकानात काम करून भाडे भरणाऱ्या विद्यार्थ्याला फुकट काम करायला वेळ कोठून मिळणार, हा प्रश्न येथेही सुटलेला नाही.

भारतात नियमांची उणीव नाही. विद्यापीठे आणि विधी महाविद्यालयांतील विधी सेवा केंद्रांना चालना देण्याचे काम १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याने राष्ट्रीय प्राधिकरणावर सोपवले आहे, आणि बार कौन्सिलच्या २००८ च्या नियमांनुसार प्रत्येक विधी महाविद्यालयात असे केंद्र असणे आवश्यक आहे. माझ्या महाविद्यालयातही ते होते. वर्षातून एकदा आम्ही जवळच्या गावी शिबिराला जात असू, हक्कांविषयी भाषणे देत असू आणि संध्याकाळी परतत असू. त्या गावातील एकाही माणसाच्या प्रकरणाचे पुढे काय झाले, हे आम्हाला कधी कळले नाही. आमच्या प्राध्यापकांच्या मनात कळकळ होती, पण पूर्णवेळ पगारी अध्यापकाला वकिली करता येत नाही, त्यामुळे केंद्रात आलेल्या माणसासाठी ते वकीलपत्र दाखल करू शकत नव्हते. इंग्लंडमधील क्लिनिक आणि आमचे केंद्र यांतला मोठा फरक मला येथे दिसतो.

ही अडचण सोडवायला कायदा बदलण्याचीही गरज नाही, असे माझे मत आहे. वकिली करणाऱ्याला दिवसाला तीन तासांपर्यंत कायदा शिकवण्याची मुभा केंद्र सरकारच्या १९७९ च्या नियमांनी दिलेली आहे. तालुक्यात आणि जिल्ह्यात रोज उभे राहणाऱ्या वकिलांना आठवड्यातून एक दुपार मानधन देऊन केंद्रावर नेमले, तर विद्यार्थ्याने ऐकलेली हकीकत अर्जापर्यंत आणि गरज पडल्यास न्यायालयापर्यंत जाऊ शकेल. हे मानधन विद्यापीठाने द्यावे. वकिलाच्या सद्भावनेवर केंद्र फार दिवस चालत नाही. तीन वर्षांच्या अभ्यासक्रमात बारा आणि पाच वर्षांच्या अभ्यासक्रमात वीस आठवड्यांची इंटर्नशिप सक्तीची आहे. तिचे तास या केंद्रात भरू द्यावेत. सर्वोच्च न्यायालयाच्या त्या निकालात न्यायाधीशांचे विधी लिपिक म्हणून केलेले काम तीन वर्षांत धरले आहे. देखरेखीखाली शेवटपर्यंत नेलेल्या प्रकरणांचा काही भागही त्यात धरता येईल का, यावर विचार व्हावा. नोकरी सांभाळून शिकणाऱ्यांसाठी केंद्र रविवारी किंवा आठवडी बाजाराच्या दिवशी उघडे असावे.

तेथे येणारी माणसे सातबाऱ्यावर राहून गेलेले बहिणीचे नाव, रखडलेली वारस नोंद, न मिळालेली पोटगी असे प्रश्न घेऊन येतील आणि ते मराठीत बोलतील. विद्यार्थ्याला पत्रही मराठीत लिहावे लागेल, आणि घरी गेल्यावर एखादी बाई ते पत्र आपल्या मुलाकडून वाचून घेईल. कोणत्या कचेरीत, कोणती कागदपत्रे घेऊन, कोणत्या तारखेच्या आत जायचे, हे त्यातून तिला उमगले पाहिजे. असे एकही पत्र न लिहिता मी पदवीधर झालो. पहिले पत्र लिहिले ते या परक्या देशात, परक्या भाषेत, वयाच्या एकतिसाव्या वर्षी.