‘कॅन्सरची गोळी’ म्हणून सिकलसेलचं औषध बंद करण्याआधी

व्हॉट्सअ‍ॅपवर सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराबद्दल एक मजकूर फिरतोय: ‘सिकलसेलच्या मुलांना हायड्रॉक्सीयुरिया देऊ नका. ती कॅन्सरची गोळी आहे, पुढे मूलबाळ होत नाही. दुखेल तेव्हाच औषध द्या, रक्त बीट-गुळाने वाढवा.’

गोळी रक्ताच्या काही कॅन्सरमध्ये वापरतात, खरंय. पण सिकलसेलमध्ये ती बाळ पोटात असतानाचं हिमोग्लोबिन पुन्हा वाढवते, मग लाल पेशी विळ्यासारख्या वाकायचं प्रमाण कमी होतं. अंगोला, काँगो, केनिया आणि युगांडातल्या 1 ते 10 वर्षांच्या मुलांवरचा अभ्यास 2019 मध्ये आला. दुखण्याचे झटके, रक्त चढवायची वेळ, मलेरिया, मृत्यू, सगळंच घटलं. पांढऱ्या पेशी उतरू शकतात, म्हणून ठरलेल्या वेळी सीबीसी, म्हणजे रक्तातल्या पेशी मोजायची तपासणी, करावीच लागते. भीती घालायचीच होती, तर ती तपासणी चुकवण्याची घालायची!

मूलबाळाचं म्हणाल, तर मुलग्यांमध्ये शुक्राणू कमी होऊ शकतात. ते खुद्द सिकलसेलनेही होतात. मुलगा वयात येताना डॉक्टरांशी हे मोकळेपणी बोलावं.

सगळ्यात घातक सल्ला ‘दुखेल तेव्हाच’ हा. ही दुखणं थांबवायची गोळी नव्हेच. गुण यायला काही महिने लागतात आणि बंद केली की तो ओसरतो. होतं काय, चार महिने पोर खेळलं-बागडलं की ‘आता बरं आहे’ म्हणत डबी फडताळात जाते. अहो, ते बरं आहे ते गोळीमुळेच! पेनिसिलिनचंही तेच. या मुलांची प्लीहा, म्हणजे जंतूंशी लढायला मदत करणारा पोटातला अवयव, लहानपणीच निकामी होत जाते, म्हणून 5 वर्षांखालच्यांना ते रोज दोनदा देतात, ताप असो-नसो. अमेरिकेत 1986 सालच्या एका अभ्यासात त्याने न्युमोकोकस या न्युमोनिया करणाऱ्या जंतूचा संसर्ग 84 टक्क्यांनी घटल्याचं दिसलं. उरलेल्या मुलांना औषधाविना ठेवणं योग्य नाही, म्हणून तो अभ्यास 8 महिने आधीच थांबवला.

बीट-गूळ खुशाल खा. पण निरोगी लाल पेशी 120 दिवस टिकते, या मुलांची 10-20 दिवसांत फुटते आणि तिच्यातलं लोह शरीरातच राहतं. म्हणजे रक्त कमी होतं ते सहसा पेशी फुटल्याने, लोह कमी पडून नव्हे. वारंवार रक्त चढवलेल्या मुलांत तर ते जास्तच साठतं. लोहाची गोळीही विचारल्याशिवाय नको.

आणि मूल कॅप्सूल गिळत नसेल तर धाकदपटशा करू नका, ती घरी फोडूही नका. लहान मात्रेची किंवा पातळ औषधाची सोय होईल का, ते डॉक्टरांना विचारा. मोठ्या मुलांना तर गोळी कशासाठी आहे हे सरळ सांगावं आणि रोजची खूण कॅलेंडरवर त्यांनाच करू द्यावी.