काय झाडी, काय डोंगार... आणि आपला राग गेला कुठं?

जून 2022. सोलापुरात तेव्हा नळाला चार-पाच दिवसांनी पाणी यायचं, मी बॅरल भरत उभा होतो आणि शेजारचं सात वर्षांचं पोरगं जिन्यावरनं ओरडत आलं, "काय झाडी, काय डोंगार, काय हाटील!" सगळी चाळ हसली. मी पण हसलो.

सांगोल्याचे आमदार शहाजीबापू पाटील गुवाहाटीच्या हॉटेलातनं कार्यकर्त्याशी फोनवर बोलले, ती क्लिप फुटली आणि बघता बघता रिंगटोन, रील, डीजे, स्टेटस, जिकडं बघावं तिकडं तेच. का चाललं एवढं ते मला कळतं. माइकसमोरचं भाषण नव्हतं ते, घरातलं बोलणं होतं. माझी आज्जी डोंगारच म्हणायची, हाटीलच म्हणायची. आपली बोली अख्ख्या महाराष्ट्राच्या तोंडात गेली याचा मला खरंच आनंद झाला होता. (पुढं पुण्यामुंबईची मंडळी ती वेडावून दाखवायला लागली तेव्हा मात्र डोकं फिरलं, आमची भाषा आहे ओ ती, सोंग नाही.)

पण तो फोन कुठनं चाललेला? एकनाथ शिंदेंबरोबर स्वतःच्याच सरकारविरुद्ध बंड केलेले आमदार मतदारसंघ सोडून देशाच्या दुसऱ्या टोकाला हॉटेलात, आणि त्याच दिवसांत आसाम पुरात बुडालेला. 2019 ला 768 मतांनी निवडून आलेला माणूस, मतदारांतल्या किती जणांना विचारून गेला होता? हे विचारायचं सोडून आपण झाडी-डोंगार करत बसलो.

2013 आठवा. उजनीच्या पाण्यासाठी आपल्याच जिल्ह्यातला शेतकरी आझाद मैदानात उपोषणाला बसलेला आणि इंदापूर तालुक्यातल्या सभेत तेव्हाचे उपमुख्यमंत्री अजित पवार धरणावरनं टिंगलीनं जे बोलले ते इथं परत लिहवत नाही. लोक पेटले. माफी मागावी लागली, कऱ्हाडला यशवंतरावांच्या समाधीपाशी आत्मक्लेश करावा लागला. ते वाक्य लागलं, कारण पाण्यावाचून माणसं तडफडत होती आणि त्यावर कुणाला नाचता येत नव्हतं. 2022 चं वाक्य गोड होतं, त्याला ठेका बसला, आणि ठेका बसला की माणूस जाब विचारायचंच विसरतो. पुढं तर बापूंना सभेत लोकच तेच म्हणायला लावायचे.

2024 ला सांगोल्यात ते पडले, शेकापचे बाबासाहेब देशमुख आले. म्हणजे सांगोल्यानं आपला हिशोब केला. बाकीच्या आपण काय केलं?

परवा त्या पोराला विचारलं, बाळा हे कोण म्हणलं होतं रे? "रीलवाले काका." मग बसवलं त्याला पायरीवर, आमदार म्हणजे कोण, गुवाहाटी कुठं, तिथं का गेले होते, सगळं सांगितलं. मध्येच त्यानं विचारलं, "मग त्यांना कोण रागावलं नाही का?"